सीटी स्कॅनवरून फुफ्फुसाच्या कॅन्सरची स्टेज: पहिलं मॉडेल बांधणाऱ्यांसाठी

मशीन लर्निंग शिकणाऱ्यांच्या प्रोजेक्टच्या यादीत ‘कॅन्सर स्टेज क्लासिफिकेशन’ हमखास असतं. वाटही ठरलेली असते. कुठून तरी जेपीजी चित्रांचा संच उतरवायचा, तयार रेझनेट घेऊन शेवटचा थर बदलायचा, थोडे इपॉक चालवायचे आणि ९८ टक्के अचूकता आली की अहवाल लिहायला घ्यायचा. असे ९८ टक्के दिसले की मला धास्तीच वाटते. खरा रुग्ण समोर आल्यावर ते मॉडेल काय करेल, याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही.

या लेखात एकच उदाहरण धरून चालू: फुफ्फुसाचा नॉन-स्मॉल सेल कॅन्सर (फुफ्फुसाच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार), छातीचा सीटी स्कॅन आणि सगळ्यांसाठी खुला असलेला एक डेटासेट. तुम्हाला पायथन येतं, पायटॉर्चशी थोडी ओळख आहे, पण वैद्यकीय स्कॅन कधी उघडून पाहिलेला नाही, असं मी गृहीत धरतो. सुरुवातीच्या पायऱ्यांत कोड जवळजवळ नाही. तो भाग गाळून पुढे जाण्याचा मोह आवरा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत.

पायरी १: स्टेज येते कुठून, ते आधी समजून घ्या

मांजर की कुत्रा, हे उत्तर फोटोतच असतं. कॅन्सरची स्टेज तशी स्कॅनमध्ये नसते. डॉक्टर तीन गोष्टी वेगवेगळ्या ठरवतात आणि मग एका कोष्टकात पाहून स्टेज काढतात. त्या तीन गोष्टी म्हणजे टी, एन आणि एम. टी म्हणजे मूळ गाठ किती मोठी आहे आणि कशात घुसली आहे. एन म्हणजे कोणत्या लिम्फ नोडपर्यंत (लसिकाग्रंथीपर्यंत) आजार पोचला आहे. एम म्हणजे तो शरीरात दूर कुठे पसरला आहे का.

या टीएनएम पद्धतीचे नियम अधूनमधून नव्या आवृत्तीत बदलतात. २०१७ साली लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत टीच्या मर्यादा अशा आहेत: १ सेंटिमीटरपर्यंत टी-१ए, २ पर्यंत टी-१बी, ३ पर्यंत टी-१सी, ४ पर्यंत टी-२ए, ५ पर्यंत टी-२बी, ७ पर्यंत टी-३ आणि त्याहून मोठी गाठ टी-४. पण नुसत्या आकारावर भागत नाही. अडीच सेंटिमीटरची गाठ छातीच्या भिंतीत घुसली असेल तर ती टी-३ होते, महाधमनीत किंवा श्वासनलिकेत घुसली असेल तर टी-४. शिवाय गाठीचा काही भाग धुरकट, म्हणजे ग्राउंड ग्लास असेल, तर टी ठरवताना फक्त घट्ट भाग मोजतात.

एनचा हिशोब जागेवर चालतो. आजार त्याच बाजूच्या फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या नोडपर्यंत असेल तर एन-१, त्याच बाजूच्या मध्यछातीत असेल तर एन-२, आणि विरुद्ध बाजूला किंवा कॉलरबोनच्या वर पोचला असेल तर एन-३.

आता एक रुग्ण घ्या. गाठ ६ सेंटिमीटरची, मध्यछातीतल्या एकाच ठिकाणच्या नोडमध्ये आजार, दूर कुठेही पसरलेला नाही. सातव्या आवृत्तीनुसार ही गाठ टी-२बी आणि रुग्ण स्टेज ३-ए. आठव्या आवृत्तीत तीच गाठ टी-३ झाली आणि रुग्ण ३-बी. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नवव्या आवृत्तीने एन-२चे दोन भाग केले. एकाच ठिकाणचे नोड असल्यामुळे हा रुग्ण पुन्हा ३-ए. स्कॅन तोच, एक व्हॉक्सेलही (थ्रीडी पिक्सेल) बदललेला नाही, पण लेबल दोनदा बदललं. दोन वेगवेगळ्या काळातले डेटासेट एकत्र करून ‘डेटा वाढवणारे’ प्रोजेक्ट मी जेव्हा पाहतो, तेव्हा हाच प्रश्न आधी मनात येतो: दोन्हीकडे आवृत्ती एकच आहे का?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. लेबल लिहिताना डॉक्टरांसमोर छातीच्या सीटीशिवाय बरंच काही असतं: पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय, ब्राँकोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) घेतलेली नोडची बायोप्सी. छातीच्या सीटीत मेंदूच येत नाही, मग मेंदूत पसरलेला आजार तुमचं मॉडेल कुठून ओळखणार? नोडच्या बाबतीतही तेच. सीटीवर नोडचा आखूड व्यास १० मिलिमीटरहून जास्त असला की तो संशयास्पद धरतात, पण ८ मिलिमीटरच्या नोडमध्ये कॅन्सर असू शकतो आणि १५ मिलिमीटरच्या नोडमध्ये नसू शकतो. आपल्याकडे तर क्षयरोगाने फुगलेले नोड सर्रास सापडतात, ते पेट स्कॅनवरही चमकतात. बायोप्सी केल्याशिवाय अनुभवी रेडिओलॉजिस्टही तिथे ठाम बोलत नाहीत.

म्हणून माझा सल्ला असा, आणि या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे: स्कॅन आत टाकून थेट स्टेज बाहेर काढणारं मॉडेल बांधू नका. स्कॅनमध्ये जे खरोखर दिसतं, तेवढंच मॉडेलला विचारा. गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, कशाला चिकटली आहे, कोणते नोड मोठे दिसतात. त्यावरून टीचा अंदाज काढा. टी, एन, एमवरून स्टेज काढायचं काम साध्या कोष्टकाचं आहे, ते चार ओळींच्या कोडने होतं आणि आवृत्ती बदलली की तेवढ्याच ओळी बदलाव्या लागतात.

पायरी २: डेटा निवडा

अमेरिकेतल्या ‘द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह’ या खुल्या संग्रहात ‘एनएससीएलसी-रेडिओमिक्स’ नावाचा डेटासेट आहे (एनएससीएलसी म्हणजे हाच नॉन-स्मॉल सेल कॅन्सर). जुन्या नावाने त्याला ‘लंग-१’ म्हणतात. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथल्या मास्ट्रो क्लिनिकमध्ये उपचार घेतलेल्या ४२२ रुग्णांचे रेडिओथेरपीपूर्वीचे सीटी स्कॅन त्यात आहेत. डॉक्टरांनी हाताने आखलेली गाठीची सीमा आहे. सोबतच्या सीएसव्ही फाइलमध्ये वय, लिंग, टी, एन, एम, एकूण स्टेज, पेशींचा प्रकार आणि रुग्ण किती दिवस जगला, हे सगळं आहे.

मॉडेलचा विचार करण्याआधी ती सीएसव्ही उघडा आणि स्टेजचा रकाना मोजा. स्टेज १चे ९३ रुग्ण, २चे ४०, ३-एचे ११२, ३-बीचे १७६, आणि एका रुग्णाची स्टेज नोंदलेलीच नाही. एवढ्यावरून तीन गोष्टी कळतात. डोळे मिटून सगळ्यांना ३-बी म्हणणारं मॉडेलही सुमारे ४२ टक्के बरोबर येईल, म्हणजे ४५ टक्क्यांचं कौतुक नको. स्टेज २चे रुग्ण इतके थोडे आहेत की त्या गटाबद्दल कुठलाही दावा जपून करावा लागेल. आणि स्टेज ४ या डेटात नाहीच. तुमच्या मॉडेलला ती माहीतच नसेल. स्टेज ४चा रुग्ण समोर आला तर ते त्याला आत्मविश्वासाने दुसरं काहीतरी म्हणेल.

याच डेटावरचा गाजलेला अभ्यास २०१४चा आहे, म्हणजे इथली लेबलं आठव्या आवृत्तीच्या आधीची आहेत. हे वहीत लिहून ठेवा.

पूर्ण डेटासेट ३० जीबीहून मोठा आहे. पहिल्याच दिवशी सगळा उतरवू नका. संग्रहाचं डाउनलोडर वापरून वीस रुग्ण घ्या आणि पूर्ण साखळी त्यांच्यावर चालवून पाहा. परवाना बिगर-व्यावसायिक वापराचा आहे, तोही वाचून घ्या.

स्कॅनच्या स्लाइस (आडवे काप) सुट्या करून जेपीजीत रूपांतर केलेले संच इंटरनेटवर भरपूर मिळतात. त्यातल्या बऱ्याच संचांमध्ये लेबल ‘नॉर्मल, साधी गाठ, कॅन्सर’ असं असतं. स्टेजचा त्याच्याशी काही संबंध नसतो. आणि कोणती स्लाइस कोणत्या रुग्णाची, हे कळत नसेल तर तो संच सरळ सोडून द्या. कारण पाचव्या पायरीत येईल.

पायरी ३: स्कॅन डोळ्यांनी पाहा

थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर उतरवा आणि वीसही रुग्ण एकेक करून उघडा. स्कॅनमधल्या आकड्यांचा कोणता पट्टा काळ्या-पांढऱ्यात दाखवायचा, ते ‘विंडो’ ठरवते. फुफ्फुस पाहताना विंडोची पातळी उणे ६०० आणि रुंदी १५०० ठेवा. मध्यछाती आणि नोड पाहताना पातळी ४० आणि रुंदी ४००. एकाच स्लाइसवर या दोन्ही विंडो आलटून पालटून लावल्यात तर एकीत काळाभोर दिसणारा भाग दुसरीत कसा उलगडतो ते कळेल. गाठीची आखलेली सीमा वर चढवून वरखाली स्क्रोल करा.

काही रुग्णांमध्ये गाठीने श्वासनलिकेची फांदी दाबलेली असते आणि पलीकडचं फुफ्फुस हवा निघून मिटलेलं असतं. गाठ कुठे संपते आणि मिटलेलं फुफ्फुस कुठे सुरू होतं, हे नुसत्या सीटीवर सांगणं फार कठीण. पुढे तुमचं मॉडेल अशा रुग्णांवर चुकेल, तेव्हा तुम्हाला त्याचं कारण माहीत असेल. शक्य असेल तर ओळखीच्या एखाद्या रेडिओलॉजी रेसिडेंटला तासभर शेजारी बसवा. असा एक तास अनेक आठवड्यांच्या वाचनाला भारी पडतो.

पायरी ४: डायकॉममधून आकडे नीट बाहेर काढा

नवखे सगळ्यात जास्त इथे फसतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

प्रत्येक स्लाइस ही एक डायकॉम, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या ठरावीक स्वरूपातली फाइल. पायडायकॉमने ती वाचता येते. पूर्ण मालिका एकत्र वाचायला सिंपल-आयटीके सोयीचं. फाइलच्या नावांवरून स्लाइस क्रमाने लावू नका. हेडरमध्ये रुग्णाच्या शरीरातली स्लाइसची जागा मिलिमीटरमध्ये दिलेली असते, त्यावरून लावा. नाहीतर छाती वरखाली पत्ते पिसल्यासारखी होते आणि कोड एकही एरर देत नाही.

फाइलमधले कच्चे आकडे हाउन्सफील्ड युनिटमध्ये (सीटीवर घनता सांगणाऱ्या एककात) असतीलच असं नाही. हेडरमधल्या रीस्केल स्लोपने गुणून इंटरसेप्ट मिळवावा लागतो. सिंपल-आयटीके हे आपोआप करतं, पायडायकॉममध्ये स्वतः करावं लागतं. तपासणी सोपी आहे: श्वासनलिकेच्या आतल्या हवेवर कर्सर ठेवा, उणे १०००च्या आसपास आकडा यायला हवा. स्नायू ३० ते ६०च्या दरम्यान, निरोगी फुफ्फुस साधारण उणे ७०० ते उणे ९००. हे जुळलं की आकडे उणे १००० ते ४०० यांच्यात छाटा आणि ० ते १ मध्ये आणा.

आता अंतराचा प्रश्न. या डेटासेटमध्ये स्लाइसमधलं अंतर सहसा ३ मिलिमीटर आणि पिक्सेल सुमारे ०.९८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे १ सेंटिमीटरची गाठ जेमतेम तीन स्लाइसमध्ये दिसते. टी-१ए आणि टी-१बी यांच्या सीमेवर एक स्लाइस इकडेतिकडे झाली की उत्तर बदलतं. हा स्कॅनचाच दोष आहे. मॉडेल कितीही मोठं केलं तरी तो भरून निघणार नाही.

याहून घातक सवय म्हणजे प्रत्येक स्लाइस २२४ बाय २२४ करून टाकणं. तयार नेटवर्कला तो आकार लागतो म्हणून सगळे करतात. हिशोब करून पाहा. एका रुग्णाचा स्कॅन ३५० मिलिमीटर रुंदीचा घेतला आहे आणि त्याची गाठ ३ सेंटिमीटरची आहे. २२४ पिक्सेलमध्ये बसवल्यावर एक पिक्सेल १.५६ मिलिमीटरचा झाला, गाठ १९ पिक्सेलची दिसली. दुसऱ्या धिप्पाड रुग्णाचा स्कॅन ५०० मिलिमीटरचा आहे, गाठ ४.३ सेंटिमीटरची. तिथे एक पिक्सेल २.२३ मिलिमीटरचा, आणि गाठ पुन्हा १९ पिक्सेलचीच. पहिली टी-१सी, दुसरी टी-२बी, आणि तुमच्या मॉडेलसमोर दोन्ही सारख्याच. ज्या मापावर टी ठरतो ते माप तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकलं.

उपाय एकच: सगळे स्कॅन आधी समान भौतिक अंतरावर आणा. १ मिलिमीटर किंवा मेमरी कमी असेल तर २ मिलिमीटर, तिन्ही दिशांना सारखं. स्कॅनसाठी रेषीय इंटरपोलेशन वापरा आणि गाठीच्या मास्कसाठी (कोणता व्हॉक्सेल गाठीचा, हे ० आणि १ मध्ये सांगणारा नकाशा) जवळच्या शेजाऱ्याचं, नाहीतर मास्कमध्ये अर्धेमुर्धे आकडे येतात. गाठीची सीमा आरटी-स्ट्रक्चर नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये बिंदूंच्या रूपात असते. तिचा मास्क करणारी तयार पायथन पॅकेजं आहेत, पण केलेला मास्क स्कॅनवर चढवून डोळ्यांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. डावं-उजवं किंवा पुढचं-मागचं उलटलेला मास्क फार वेळा सापडतो.

पायरी ५: रुग्णांची विभागणी करा, चित्रांची नको

एका रुग्णाच्या शंभर-सव्वाशे स्लाइस असतात. शेजारच्या दोन स्लाइस जवळजवळ एकसारख्या दिसतात. सगळ्या स्लाइस एकत्र मिसळून ८०-२० अशा वाटल्या, तर ट्रेनिंगमध्ये पाहिलेल्या रुग्णाचीच शेजारची स्लाइस टेस्टमध्ये येते. मॉडेल त्या माणसाच्या फासळ्या आणि हृदयाची कडा लक्षात ठेवतं आणि लेबल आठवून सांगतं. सुरुवातीला म्हटलेले ९८ टक्के बहुतेक वेळा इथूनच येतात.

म्हणून आधी रुग्णांच्या क्रमांकांची यादी करा आणि ती वाटा, प्रत्येक गटात स्टेजचं प्रमाण सारखं राहील अशी. सायकिट-लर्नमध्ये ‘स्ट्रॅटिफाइड ग्रुप के-फोल्ड’ नेमकं हेच करतं. एक पंचमांश रुग्ण टेस्टसाठी बाजूला काढा, यादी फाइलमध्ये साठवा आणि शेवटपर्यंत तिला हात लावू नका. दर आठवड्याला टेस्टचा आकडा पाहून मॉडेल बदलत गेलात, तर तो टेस्ट सेट राहत नाही.

एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. त्या एक पंचमांशात स्टेज २चे फक्त ८ रुग्ण येतील. एक रुग्ण बरोबर की चूक, यावर त्या गटाचा आकडा साडेबारा टक्क्यांनी हलतो.

पायरी ६: डीप लर्निंगच्या आधी फूटपट्टी

मास्क हाताशी आहे, तर त्यातून दोनच आकडे काढा: गाठीचं आकारमान आणि सर्वांत लांब व्यास. आकारमान म्हणजे मास्कमधल्या व्हॉक्सेलची संख्या गुणिले एका व्हॉक्सेलचं आकारमान. अंदाज यावा म्हणून सांगतो, ३ सेंटिमीटरचा गोळा सुमारे १४ घन सेंटिमीटरचा आणि ६ सेंटिमीटरचा ११३ घन सेंटिमीटरचा. व्यास दुप्पट, आकारमान आठपट. म्हणून आकारमानाचा लॉगरिदम घेऊन वापरा.

या दोन आकड्यांवर साधं लॉजिस्टिक रिग्रेशन चालवून टीचा अंदाज काढा. लॅपटॉपवर काही सेकंदांत होतं. जो आकडा येईल तो तुमचा पाया. पुढे जीपीयू तापवून केलेलं मॉडेल याच्या वर गेलं नाही, तर ते कामाचं नाही.

ही खबरदारी पुस्तकी नाही. २०१४ साली एर्ट्स आणि सहकाऱ्यांनी याच डेटावरून ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये दाखवलं, की गाठीच्या पोत आणि आकाराच्या काही मोजमापांवरून रुग्ण किती जगेल याचा अंदाज बांधता येतो. त्या कामाने रेडिओमिक्स, म्हणजे स्कॅनमधल्या मोजमापांवरून अंदाज बांधण्याचं क्षेत्रच पुढे आलं. नंतर २०१९ मध्ये वेल्च आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला: गाठीच्या आतले व्हॉक्सेल अस्ताव्यस्त पिसून टाकले, म्हणजे पोत नष्ट केला. तरीही अंदाज जवळपास तसाच आला. ती मोजमापं पोताची वाटत असली तरी मुख्यतः गाठीचं आकारमानच दुसऱ्या नावाने सांगत होती. इतक्या अनुभवी गटाच्या बाबतीत हे घडतं, तर आपण फूटपट्टी लावून पाहिलीच पाहिजे.

साधं मॉडेल जिथे चुकलं ते रुग्ण थ्रीडी स्लायसरमध्ये उघडा. गाठ छोटी पण टी-४, असे रुग्ण सापडतील. बहुतेक ठिकाणी गाठ मध्यछातीला किंवा भिंतीला टेकलेली दिसेल, किंवा फुफ्फुसाच्या दुसऱ्या लोबमध्ये (खंडात) आणखी एक गाठ असेल. डीप मॉडेलने काय शिकायला हवं, त्याची यादी इथे तयार होते.

पायरी ७: थ्रीडी मॉडेल

मोनाय ही पायटॉर्चवर बांधलेली, वैद्यकीय चित्रांसाठीची खुली लायब्ररी वापरा. स्कॅन वाचणं, समान अंतरावर आणणं, ठोकळा कापणं, थ्रीडी डेन्सनेट, हे सगळं त्यात तयार आहे.

गाठीच्या मध्याभोवती १२८ मिलिमीटरचा घन कापा. बऱ्याच ट्युटोरियलमध्ये ६४ मिलिमीटरचा घन असतो, तो छोट्या गाठींसाठी ठरवलेला आहे. ७ सेंटिमीटरहून मोठी गाठ त्यात मावतच नाही आणि आजूबाजूची भिंतही दिसत नाही. २ मिलिमीटर अंतरावर हा घन ६४ × ६४ × ६४ व्हॉक्सेलचा होतो, मोफत मिळणाऱ्या जीपीयूवर सहज चालतो. दोन चॅनेल द्या: एकात स्कॅन, दुसऱ्यात मास्क.

ऑगमेंटेशन करताना थोडं फिरवणं, सरकवणं, हलका नॉइज चालेल. झूम मात्र बंद ठेवा. इतर चित्रांत झूम निरुपद्रवी असतो. इथे २० टक्के मोठी केलेली गाठ वेगळ्या टीमध्ये जाऊ शकते आणि लेबल जुनंच राहतं. तयार रेसिपीमध्ये तो बहुधा चालूच असतो, म्हणून मुद्दाम शोधून काढा.

टीला क्रम आहे. टी-१ला टी-४ म्हणणं आणि टी-१ला टी-२ म्हणणं, या चुका सारख्या नाहीत. नेहमीच्या क्रॉस-एंट्रॉपीला हा फरक कळत नाही. चार गटांऐवजी तीन हो-नाही प्रश्न विचारा: टी-१च्या वर आहे का, टी-२च्या वर आहे का, टी-३च्या वर आहे का. अंमलात आणायला सोपं आहे आणि एवढ्या कमी रुग्णांत मॉडेल जास्त स्थिर राहतं. ट्रेनिंगसाठी उरलेल्या सुमारे ३४० रुग्णांवर फार खोल नेटवर्क घेऊ नका, ते पाठांतर करेल. वेगवेगळ्या सीडवर तेच ट्रेनिंग पुन्हा चालवा. निकाल किती हलतो ते पाहिलं की एका रनवर विश्वास ठेवणं आपोआप थांबतं.

पायरी ८: मोजमाप

नुसती अचूकता लिहू नका. कन्फ्युजन मॅट्रिक्स पूर्ण छापा. सोबत वर्गभारित कप्पा (क्वाड्रॅटिक वेटेड कप्पा, योगायोगाने होणारी जुळणी वजा करून मोजलेला आकडा) द्या, कारण तो लांबच्या चुकांना जास्त दंड करतो. प्रत्येक आकड्याभोवती बूटस्ट्रॅपने काढलेली ९५ टक्क्यांची पट्टी (कॉन्फिडन्स इंटरव्हल) द्या. रुग्ण पुन्हा पुन्हा निवडून काढायची, स्लाइस निवडून नव्हे. ८४ रुग्णांवर ती पट्टी रुंद येईल. ती लपवू नका.

मग चुकांचा वैद्यकीय अर्थ पाहा. सुरुवातीच्या स्टेजला शस्त्रक्रिया हा मुख्य उपचार असतो, ३-बीला बहुधा किमो आणि रेडिओथेरपी एकत्र. स्टेज १च्या रुग्णाला ३-बी म्हटलं, तर बरा होऊ शकणारा माणूस शस्त्रक्रियेपासून दूर जाऊ शकतो. एकूण टक्केवारीत ही चूक इतर चुकांच्या गर्दीत हरवते, म्हणून ती वेगळी मोजा.

मॉडेल कुठे पाहतंय हेही तपासा. झेक आणि सहकाऱ्यांचा २०१८चा न्यूमोनियाचा अभ्यास यासाठी नेहमी आठवतो: छातीच्या एक्स-रेवरून मॉडेल फोटो कोणत्या रुग्णालयातला हे सहज ओळखत होतं, आणि एका ठिकाणी न्यूमोनिया जास्त असल्याने ती माहितीच उत्तरासाठी वापरू शकत होतं. सीटीतही असं होतं. गाठीचा भाग दोन्ही चॅनेलमध्ये पूर्ण झाकून मॉडेल पुन्हा चालवा. तरी टी जवळपास बरोबर येत असेल, तर ते टेबल, नळ्या किंवा स्कॅनरच्या खुणा वाचतंय.

शेवटची कसोटी बाहेरच्या डेटावर. त्याच संग्रहात स्टॅनफर्ड आणि पालो आल्टोच्या व्हेटरन्स रुग्णालयातल्या २११ रुग्णांचा ‘एनएससीएलसी रेडिओजीनॉमिक्स’ डेटासेट आहे. तिथले रुग्ण शस्त्रक्रियेचे, म्हणून लहान गाठी जास्त. आणि शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजिस्टने ठरवलेली स्टेज, जी उपचाराआधी स्कॅनवरून ठरवलेल्या स्टेजपेक्षा वेगळी असू शकते. तुमचा आकडा घसरेल. किती आणि कोणत्या गटात घसरला, हे अहवालातलं सर्वांत उपयोगी पान असेल.

पायरी ९: स्थानिक रुग्णालयाकडे जाण्याआधी

मुंबई, पुणे, नागपूरच्या एखाद्या रुग्णालयाचा डेटा मिळावा असं वाटणं स्वाभाविक आहे. त्याची सुरुवात ओळखीच्या डॉक्टरांकडून पेनड्राइव्ह घेण्याने होत नाही. संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे प्रस्ताव जातो; जुन्या स्कॅनसाठी रुग्णांच्या संमतीतून सूट द्यायची का, हे कमिटी ठरवते. आरोग्यसेवेतल्या एआयसाठी आयसीएमआरची २०२३ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती प्रस्ताव लिहिण्याआधी वाचा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा.

डायकॉमच्या हेडरमधून नाव काढलं म्हणजे झालं, असं समजू नका. जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक, डॉक्टरांचं नाव, स्कॅनची तारीख, कंपन्यांचे खाजगी टॅग, हे सगळं तिथे असतं. काही चित्रांवर नाव पिक्सेलमध्येच उमटलेलं असतं. डोकं स्कॅनमध्ये आलं असेल तर त्यातून चेहरा पुन्हा उभा करता येतो. नाव पुसण्याचं काम रुग्णालयाच्या आतच व्हावं, तुमच्या लॅपटॉपवर नाही.

पहिल्या भेटीत रेडिओलॉजिस्टना आणि ऑन्कॉलॉजिस्टना हे विचारा: स्टेज कोणत्या आवृत्तीनुसार नोंदवता, ती उपचाराआधीची की शस्त्रक्रियेनंतरची, नोडची बायोप्सी किती रुग्णांत झाली, आधी क्षयरोग झालेले रुग्ण वेगळे नोंदले आहेत का, स्लाइसची जाडी किती, कॉन्ट्रास्ट (स्कॅन उठावदार दिसावा म्हणून दिलं जाणारं औषध) टोचून स्कॅन घेता का. यातल्या प्रत्येक उत्तरासाठी डेटात एक रकाना हवा. क्षयरोगाचा रकाना नसेल तर तो तयार करून घ्या, कारण नेदरलँड्सच्या रुग्णांवर शिकलेलं मॉडेल जुने क्षयाचे व्रण आणि कॅल्शियम साठलेले नोड फारसे न पाहता आलेलं असतं.

मग मॉडेल जुन्या केसेसवर गुपचूप चालवा, म्हणजे त्याचं उत्तर कोणाच्याही उपचारापर्यंत पोचणार नाही अशा रीतीने. जिथे मॉडेलचा टी आणि नोंदलेला टी जुळत नाहीत, त्या केसेसची यादी काढा आणि रेडिओलॉजिस्टसोबत एकेक स्कॅन उघडून बसा. प्रत्येक केसपुढे चारपैकी एक कारण लिहा: मॉडेल चुकलं, नोंद चुकली, आवृत्ती वेगळी होती, किंवा उत्तर त्या स्कॅनमध्ये नव्हतंच. पुढच्या आवृत्तीत काय बदलायचं ते या चार रकान्यांच्या बेरजेवरून ठरवा.